पाय खिशात

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे विमावाले काका शिरले आणि दार मिटतामिटता म्हणाले, "आज पाय खिशात ठेवा हं." एवढं बोलून ते आपल्याच विनोदावर खूश झाले आणि आरशात बघून टाय सारखा करायला लागले. लिफ्टमध्ये तो होता, त्याची बायको होती, त्याचे वडील होते, आणि त्याच्या खांद्यावरची टेनिसच्या रॅकेटची पिशवी होती. ती पिशवी मावण्याएवढी लिफ्ट बांधायचं त्या इमारतीत कुणाला सुचलंच नव्हतं. बायकोने मजल्यांच्या आकड्यांकडे नजर लावली. वडील मात्र मोकळेपणाने हसले. "सवय हो, साहेब. माझ्याकडूनच आली ती," ते म्हणाले, आणि असं म्हणाले की जणू मुलाला घराण्याचं काहीतरी दिल्याचं समाधान त्यांना होतं. त्यालाही हसायचं होतं. वर्षभर तो हसतच आला होता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटरच्या तक्रारींच्या खिडकीमागे तो बसायचा, आणि माणसं वाढलेलं बिल आत सरकवता सरकवता निरखून बघायची, "तुम्हीच ना ते? खूण पुसणारे?" म्हणायची, आणि तो हसून "मीच तो" म्हणायचा. हसणं सोपं होतं, रांग पुढे सरकायची. आज मात्र ओठ हललेच नाहीत. तळमजला आला, दार उघडलं, विमावाले निघायला लागले, तर पिशवी आडवी धरून तो दारातच उभा राहिला. "काका," तो म्हणाला, "पाय माझे आहेत. कुठे ठेवायचे ते मी बघतो." आवाज इतका कोरडा आला की बाहेर लिफ्टची वाट बघणारी बाई दोन पावलं मागे सरकली. मग तो बाजूला झाला आणि विमावाले टाय धरून निघून गेले.

"अरे, शेजारी आहेत ते," टॅक्सीत बसल्यावर वडील म्हणाले. "गमतीने म्हणाले बिचारे. सकाळी सकाळी कशाला कुणाला दुखवायचं?" बायको पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, आणि तिच्या मानेवरून त्याला काहीच कळत नव्हतं. कुणाला दुखवायचं नाही, हे वडिलांचं आयुष्यभराचं काम. तसं त्यांचं काम कोर्टांची देखभाल करण्याचं होतं. एका मोठ्या क्लबात लाल मातीची चार कोर्टं, त्यांना पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, सेट संपला की जाळी ओढून माती सारखी करायची, रेषा झाडायच्या. पण ते वरवरचं काम. खरं काम सदस्यांची भांडणं मिटवण्याचं. मातीच्या कोर्टावर चेंडू पडला की खूण उमटते, आणि खूण उमटली की दोन शहाणी, कमावती, नातवंडं असलेली माणसं तिच्यावर वाकून लहान पोरांसारखी हमरीतुमरीवर येतात. मग हाक जायची, बघ रे जरा, आत की बाहेर? वडील यायचे. टोपी काढायचे. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, चांगलं निरखून बघायचे. दोन्ही साहेब श्वास रोखून उभे. आणि मग सरळ होता होता वडिलांचा पाय असा काही पडायचा की खूण सपाट. "पुसली गेली, साहेब. परत खेळा." दोघेही हसायचे, एखादा पाठीवर थाप मारायचा, खेळ पुढे सुरू. तो कोर्टाच्या कडेला चेंडू गोळा करत असायचा, आठ-नऊ वर्षांचा असेल. एकदा घरी जाताना त्याने विचारलं होतं, "बाबा, आत होता ना?" वडील म्हणाले, "आत होता. चांगला बोटभर आत होता." "मग सांगितलं का नाही?" वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं होतं, रस्त्यात कुणी नव्हतं तरी. "मी कशाला सांगू? सांगितलं की एक साहेब आपला आणि एक साहेब परका. पुसलं की दोघे आपले." त्याला ते तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. पुढे त्याच क्लबाने त्या कोर्टांवर त्याला फुकट खेळू दिलं, रॅकेट दिली, प्रशिक्षक दिला. दोघे साहेब आपले राहिले नसते तर हे झालं असतं का, ते सांगता येत नाही.

टॅक्सी सिग्नलला थांबली. दुकानाच्या शटरवर स्पर्धेचं पोस्टर लावलं होतं आणि त्यात त्याचा अर्धा चेहरा होता, अर्ध्यावर दुसरं कुणीतरी फर्निचरची जाहिरात चिकटवून गेलं होतं. देशादेशांच्या पुरुष संघांची ही स्पर्धा. वर बडे देश, त्यांच्या लढती जगभर दाखवतात. खाली विभागवार पात्रता फेऱ्या, आणि त्या फेऱ्यांत कुणी न दाखवलेले देश एकमेकांशी जिवाच्या आकांताने भांडत असतात, वरच्या गटात चढायला नाहीतर खालच्यात न घसरायला. दोन एकेरी, एक दुहेरी, तिन्हींपैकी दोन जिंकेल त्या संघाची लढत. मागच्या वर्षी परक्या गावात एक-एक अशी बरोबरी झाली आणि सगळं दुहेरीवर आलं. दुहेरी म्हणजे तो आणि डावरा. डावरा हा त्याचा जोडीदार, वयाने बराच लहान, डाव्या हाताने खेळणारा, त्याला दादा म्हणणारा. तिसऱ्या सेटमध्ये समोरच्यांचा फटका त्याच्या बाजूला मागच्या रेषेवर पडला. रेषेवरच्या माणसाने बाहेर दिला. समोरचे भडकले, अंपायर खुर्चीवरून उतरला आणि बघायला निघाला. मातीवर दोन खुणा होत्या. उजवीकडची ताजी, काठाने रेषेला टेकलेली, म्हणजे आत. डावीकडे वीतभर अंतरावर आधीच्या गेममधली एक, स्वच्छ बाहेर. अंपायर अजून नेटपाशी होता. संघाचा कॅप्टन, स्वतः न खेळणारा, कोर्टाच्या कडेला खुर्चीत बसला होता, आणि अंपायरला येत नसलेल्या आपल्या भाषेत, अगदी सहज, पाणी प्यायला सांगावं तसा म्हणाला, "डावीकडची दाखव." त्यावर त्याने, दाखवायचं सोडून, पाय पुढे केला आणि उजवीकडची खूण पुसली. ज्याच्या बाजूला चेंडू पडला त्याने खूण पुसली तर त्याने चेंडू आत होता असं कबूल केलं, हा तिथला नियम. पॉइंट गेला. मग गेम गेला, मग सामना गेला, आणि देश खालच्या गटात गेला.

हे त्याला लख्ख आठवत होतं, आणि नव्हतंही. कारण त्याच संध्याकाळी पत्रकारांसमोर कॅप्टनने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "याला दोष देऊ नका. याचे वडील कोर्टाची देखभाल करायचे. खूण दिसली की पाय आपोआप जातो याचा. लहानपणची सवय. माणूस आहे." झालं. सगळ्यांना ती गोष्ट इतकी आवडली की त्याला बोलायला जागाच उरली नाही. शिव्या घालायला आलेली माणसं पाठीवर हात फिरवून गेली. वडिलांचा फोटो छापून आला, जाळी ओढतानाचा, जुना, आणि वडील कितीतरी दिवस शेजारपाजारी सांगत होते की कॅप्टनसाहेबांनी आपलं नाव काढलं. खोलीत दोघेच असताना कॅप्टन त्याला म्हणाला, "सांभाळून घेतलं बघ तुला." त्याने मान हलवली. होय, हलवली. तेव्हा त्याला उपकारच वाटले होते. घरी आल्यावर बायकोने, बॅगेतले मातीने लाल झालेले मोजे बादलीत टाकता टाकता विचारलं, "खरं सांग, तू मुद्दाम पुसलंस ना?" तो म्हणाला, "आठवत नाही." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बरं. आठवेल तेव्हा सांग," म्हणाली, आणि पुन्हा तिने विषय काढला नाही. वर्षभर काढला नाही. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. आणि मग विचित्रच व्हायला लागलं. तो स्वतःवर पाळत ठेवायला लागला. टेबलावर पाणी सांडलं की हात पुढे जातोय का, फरशीवर पीठ पडलं की पाय जातोय का. जायचा की! गेला की त्याला वाटायचं, सवयच असेल. आपण उगाच मोठेपणा घेतोय. कॅप्टन बोललाच नसेल, किंवा आपण ऐकायच्या आधीच पाय गेला असेल. एका माणसाने केलेली एकमेव बरी गोष्ट दहा जणांनी मिळून त्याच्या हातून काढून घ्यावी, आणि वर त्यालाच माफ करावं. आणि माफी अशी चिवट गोष्ट की ती परत कुणाला करायची हेच त्याला समजेना.

कपडे बदलायच्या खोलीत मलमाचा वास होता आणि कोपऱ्यातला नळ गळत होता. मीटरच्या खिडकीत बसून बसून त्याला गळणारा नळ दिसला की हिशेब सुचायचा, आज तोही सुचला नाही. वरून भिंतीपलीकडून टाळ्यांचा आवाज येत होता. पहिली एकेरी आपण जिंकलो होतो, दुसरी हरत आलो होतो. म्हणजे पुन्हा दुहेरीच. आपल्याच गावात, आपल्याच मातीवर, वरच्या गटात परत चढायची संधी. डावरा भिंतीकडे तोंड करून उड्या मारत होता. कॅप्टन बाकावर त्याच्याशेजारी येऊन बसला, अगदी घरच्यासारखा. "निवड समितीत तुझ्यासाठी घसा कोरडा केलाय मी," कॅप्टन म्हणाला. "सगळे म्हणत होते, त्याला नको, तो पुन्हा पाय घालेल. मी म्हटलं, माझा माणूस आहे, माझं ऐकेल. ऐकशील ना?"

"काय ऐकायचं?"

"खूण दिसली की लांब हो. हात मागे, पाय मागे. बोलायचं काम माझं." कॅप्टन हसला. "पुढच्या वर्षी तू माझ्याबरोबर बाकावर बसशील, प्रशिक्षक म्हणून. समितीच्या कानावर घातलंय मी. किती वर्षं त्या मीटरवाल्या खिडकीत सडणार तू?"

त्याच्या मनात आलं, विचारावं. एवढंच विचारावं की मागच्या वर्षी तुम्ही डावीकडची म्हणालात की नाही. पण कॅप्टन वाकून, त्याच्या बुटाची सुटलेली नाडी स्वतःच्या हाताने बांधायला लागला. भरल्या खोलीत, सगळ्यांसमोर. आता नाडी बांधणाऱ्या माणसाला काय विचारणार? त्याला एकदम क्लबातल्या साहेबांच्या थापा आठवल्या, वडिलांच्या पाठीवर पडणाऱ्या. तो पाय आपलाच आहे की नाही अशा नजरेने बुटाकडे बघत राहिला. नाडी फारच घट्ट बांधली गेली होती.

सामना कसा चालला ते इथे कशाला सांगायचं? पहिला सेट समोरच्यांनी घेतला, दुसरा आपण घेतला, आणि तिसऱ्यात आपण पाच-चार असे पुढे आलो. आता त्याची सर्व्हिस. चाळीस-तीस. म्हणजे हा एक पॉइंट घेतला की सामना, लढत, वरचा गट, सगळं. पाठीमागच्या स्टँडमधून त्याच्या नावाचा गजर होत होता आणि त्यात एकजण मोठ्याने ओरडत होता, "पाय खिशात!" लोक हसत होते, प्रेमाने हसत होते. तो गजर अंगावर घेत त्याने चेंडू उडवला. सर्व्हिस चांगली पडली, तो नेटकडे धावला, आणि समोरच्याने चेंडू उंच उचलून त्याच्या डोक्यावरून मागे टाकला. तो वळला आणि पळाला. पळता पळता त्याला चेंडू खाली येताना दिसला, अंगात दुसरं काहीच उरलं नाही, फक्त डोळे. मागच्या रेषेवर मातीचा बारीक धुरळा उडाला आणि चेंडू त्याच्या रॅकेटच्या पुढून निघून गेला. "बाहेर!" रेषेवरचा माणूस ओरडला. त्याबरोबर सगळं स्टँड उभं राहिलं. डावऱ्याने रॅकेट फेकून दिली. कॅप्टन दोन्ही हात पसरून कोर्टात पळत आला. कुणीतरी ढोल बडवायला लागलं. तो एकटाच वाकलेला होता, हात गुडघ्यांवर, आणि खुणेकडे बघत होता. रेषेला टेकलेली. चांगली बोटभर टेकलेली. आणि वीतभर डावीकडे, दुसऱ्या कुठल्यातरी गेममधली, स्वच्छ बाहेर, एक दुसरी. हे हसण्यासारखं होतं खरं तर. मातीच्या कोर्टावर तिसऱ्या सेटअखेर खुणाच खुणा असतात, त्यात नवल काही नाही. पण त्याला वाटलं, आपल्यासाठी कुणीतरी प्रश्न पुन्हा लिहून ठेवलाय, आणि या वेळी कागद फाडून टाकता यायचा नाही.

समोरचे दोघे नेटपाशी येऊन अंपायरकडे हात करत होते. परदेशी अंपायर, उन्हाने लाल झालेला, पांढऱ्या टोपीचा. तो सावकाश शिडीवरून उतरला. मिठी मारायला निघालेला कॅप्टन अर्ध्या वाटेत थांबला. त्याचे पसरलेले हात खाली आले. त्याने एकदा मातीकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. इतकी वर्षं खेळलेला माणूस, न कळायला काय झालं? आणि मग तेच. तोच सहज आवाज, तेच पाणी प्यायला सांगितल्यासारखं. "डावीकडची दाखव."

म्हणजे म्हणाला होता. त्याला भयंकर आनंद झाला. म्हणाला होता! मागच्या वर्षीही म्हणाला होता, अगदी याच आवाजात. पाय आपोआप गेला नव्हता. त्याने नेला होता. पण लगेच त्या आनंदामागून दुसरं काही आलं आणि ते फारसं बरं नव्हतं. नेला, पण तोंड मिटून नेला. वडिलांसारखं, सगळे साहेब आपले राहावेत म्हणून. खरं केलं आणि ते खरं आहे असं म्हणायची वेळ आली तेव्हा मान हलवली. कॅप्टनने गोष्ट रचली ती उगाच नाही, त्यानेच पायाने तिला जागा करून दिली होती. आत्ताही पाय शिवशिवत होता. एक फटकारा, आणि पुन्हा सगळे हसले असते, चुकचुकले असते, सवय म्हणाले असते. पुन्हा माफी. त्याने पाय जमिनीत रोवला. घट्ट बांधलेल्या नाडीखाली बोटं बधिर झाली होती.

अंपायर जवळ आला. "कुठली?" त्याने त्याच्या परक्या भाषेत विचारलं.

"ही," तो त्याच भाषेत म्हणाला, आणि रॅकेटच्या टोकाने उजवीकडची दाखवली. मग कॅप्टनकडे बोट केलं. "हे मला डावीकडची दाखवायला सांगतायत. ती जुनी आहे. मागच्या वर्षीही यांनी हेच सांगितलं होतं. चेंडू आत होता. मी पाहिला."

अंपायरने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग टोपीखालच्या अंपायरपेक्षाही लाल झाला. "डोकं फिरलंय याचं," तो आपल्या भाषेत म्हणाला, आणि आता आवाज मुळीच सहज नव्हता. "नाडी बांधली रे मी तुझी! पोरासारखं सांभाळलं!"

"सांभाळू नका," तो म्हणाला. "मला कुणी सांभाळायला सांगितलंय?"

अंपायर वाकला, बघितलं, आणि तळहात जमिनीला समांतर धरून आत असल्याची खूण केली. पॉइंट समोरच्यांचा. चाळीस-चाळीस. स्टँडमधून आधी एक मोठा उसासा आला, आणि त्यानंतर शिट्ट्या आणि हुर्यो, आणि ढोल थांबला. पाण्याची एक बाटली कोर्टात येऊन पडली. अंपायरने जाता जाता डावीकडची जुनी खूण स्वतःच्या बुटाने पुसली आणि उजवीकडची पुसण्यासाठी त्याला हाताने सुचवलं, म्हणजे पुढे घोटाळा नको.

"राहू दे," तो म्हणाला. "ज्याला बघायची असेल त्याला बघू दे."

अंपायरने खांदे उडवले आणि तो खुर्चीकडे निघाला. डावरा रॅकेट उचलून आला, त्याचा आवाज रडवेला झाला होता. "दादा, काय केलंस हे? जिंकलो होतो आपण!"

"नव्हतो जिंकलो," तो म्हणाला. "आता जिंकू. चल, नेटपाशी उभा राहा." डावरा खरंच जाऊन उभा राहिला. "संपलास तू," कडेच्या खुर्चीतून कॅप्टन म्हणाला, "आजच्या दिवसापुरता आहेस फक्त." तो म्हणाला, "आजचा दिवस पुरे." आणि खाली वाकून त्याने नाडी सोडली आणि स्वतःच्या हाताने, हवी तेवढी, पुन्हा बांधली. पावलात रक्त परत येताना मुंग्या आल्या. मग टॉवेल घ्यायला तो मागच्या भिंतीशी गेला. भिंतीच्या वरच्या पहिल्याच रांगेत बायको बसली होती आणि तिच्याशेजारी वडील. वडिलांकडे बघायचा त्याला धीर होईना. फोटो छापून आलेला, नाव काढलं गेलेलं, घराण्याची ती सवय, सगळं त्याने भर कोर्टात उधळून टाकलं होतं. वडिलांचा उजवा पाय सिमेंटच्या पायरीवर पुढेमागे, पुढेमागे घासत होता, तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं तरी. त्याने बायकोकडे पाहिलं. चारी बाजूंनी शिट्ट्या चालल्या होत्या, म्हणून त्याला ओरडावं लागलं.

"आठवलं!"

"ऐकलं मी!" तीही ओरडली. तिचे डोळे भरले होते आणि ती रागावल्यासारखी दिसत होती. "आता सर्व्हिस नीट टाक!"

तो वळला. रेषेपाशी गेला. खूण तिथेच होती, त्याच्या पायाशी, बोटभर टेकलेली. चेंडू हातात घेतला तरी हुर्यो थांबेना. अंपायरने शांत राहायची विनंती केली, ती कुणी ऐकली नाही. पाठीमागून कुणीतरी घोगऱ्या आवाजात ओरडलं, "पाय खिशात घालायला सांगितले होते ना रे, गद्दारा!" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा एक आवाज आला, म्हातारा, चिरका, चार कोर्टांच्या त्या क्लबात कधीच कुणी ऐकला नव्हता असा. त्याने मागे वळून पाहिलं. गुडघे गेलेला माणूस भिंतीचा कठडा धरून उभा राहिला होता, टोपी हातात होती, आणि स्टँडकडे तोंड करून तो सगळ्या साहेबांना एकदम सांगत होता.

"आत होता! मी बघितलाय! आत होता!"

त्याने चेंडू उडवला.